रिकामा राहिलेला शेरा

आमच्या कॉलेजच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत एक काचेचं कपाट आहे आणि त्यात एक यंत्र आहे. द्रावणातून उजेड सोडून रंग किती गडद आहे हे ते मोजतं, म्हणजे मोजायला हवं. मी नोकरीला लागल्यावर काही वर्षांनी ते एका अनुदानातून आलं. आलं त्या दिवशी नारळ फुटला, टिकाऊ वस्तूंच्या नोंदीच्या डेडस्टॉक रजिस्टरात त्याला नंबर पडला आणि कपाटाची किल्ली प्राचार्यांच्या ड्रॉवरमध्ये गेली. वापरलं तर बिघडेल, आणि बिघडलं तर ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर येईल. म्हणून तपासणीची समिती येणार असली की ते बाहेर निघायचं, पांढऱ्या कापडावर बसायचं आणि समिती गेली की परत आत. मधे कधीतरी, न वापरताच, त्याचा दिवा गेला. दुरुस्तीचा माणूस पुण्याहून येणार, आणि त्याच्या येण्याजाण्याच्या खर्चातच विभागाचे वर्षाचे पैसे संपणार. आम्ही त्या दिव्याबद्दल कोणाकडे बोललो नाही. मुलांना मी ते यंत्र काचेतून दाखवतो आणि आकृती फळ्यावर काढतो.

पुढे मी जे केलं त्याला ह्या कपाटाची सवय कारणीभूत आहे, असं मला बरेच दिवस वाटायचं. आता वाटत नाही. केलं ते मी केलं.

तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एक मॅडम माझ्याकडे पीएच.डी.ला होत्या. माहेर सेनगाव तालुक्यातलं साखरा, सासर हिंगोली. रोज हिंगोलीहून कळमनुरीला यायच्या, दोन तास शिकवायच्या आणि मग संध्याकाळच्या गाडीपर्यंत प्रयोगशाळेत असायच्या. त्यांचा विषय हळदीचा होता. वारंगा फाट्याजवळच्या एका शेतकऱ्याने त्यांना एकाच शेतातली, एकाच कढईत शिजवलेली हळद दिली. निम्मी उघड्या उन्हात वाळवली, निम्मी पांढऱ्या कापडाखाली. मग दोन्ही वेगवेगळ्या पोत्यांत ठेवायच्या आणि दर महिन्याला थोडी काढून, दळून, स्पिरिटात भिजवून तिच्यात पिवळा रंग किती उरलाय ते बघायचं. कापडाखालच्या हळदीचा रंग जास्त टिकतो का, एवढाच प्रश्न होता.

प्रश्न सोपा होता, पण मोजायचं कशावर? विद्यापीठातल्या यंत्रावर महिन्यातून एकदा तासाभरासाठी नंबर लागायचा, तोही तिथला ऑपरेटर रजेवर नसला तर. दोनदा त्या पहाटे निघून रिकाम्या हाताने परत आल्या. तिसऱ्या वेळी त्यांनी मला मोबाइलवर एक पान दाखवलं. परदेशातल्या कोणीतरी आपल्या यंत्राचा पूर्ण आराखडा इंटरनेटवर मोकळा ठेवला होता. मापं, तारांच्या जोडणीचं चित्र, आकडे काढणारा प्रोग्राम, सगळं. कोणाची परवानगी लागत नव्हती. खाली एक विनंती होती. बनवा, हवं ते बदला, पण काय बदललं ते इथं येऊन सांगा, म्हणजे पुढच्याला उपयोग होईल.

"सर, किती साधी अट आहे ना," त्या म्हणाल्या.

मी हो म्हणालो.

पिवळा रंग निळा उजेड खातो, एवढंच ह्या यंत्राचं तत्त्व. हळदीचं द्रावण जितकं गडद तितका निळा उजेड पलीकडे कमी पोचतो. आम्ही पाण्याच्या पाइपचा वीतभर तुकडा घेतला आणि आतून काळा रंगवला. एका बाजूच्या भोकात निळा दिवा बसवला, लग्नाच्या रोषणाईच्या माळेतून काढलेला. समोरच्या भोकात उजेड मोजणारा नखाएवढा सेन्सर. वरून परीक्षानळी आत सोडली की ती सरळ उभी राहावी म्हणून तोंडाशी, आतल्या बाजूला, नळाचा काळा रबरी वायसर. वर झाकायला काळं टोपण. तारा आणि आकडे दाखवणारं सर्किटचं कार्ड मॅडमच्या मुलीच्या जुन्या कंपासपेटीत मावलं. सोल्डरिंग वारंगा फाट्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याने करून दिलं. तो आम्हाला म्हणाला, "सर, हे चालू झालं तर मला बी दाखवा. न्हाई झालं तर माझ्या दुकानाचं नाव सांगू नका."

चालू झालं. नुसत्या स्पिरिटाची नळी ठेवली की शून्य, हळदीची ठेवली की आकडा. पहिला आकडा उमटला तेव्हा मॅडम "सर, बोललं!" म्हणून ओरडल्या आणि लगेच तोंडावर हात ठेवला. जूनमध्ये आम्ही तेच नमुने विद्यापीठातल्या यंत्रावरही मोजून आणले. आकडे जुळले. थोडाफार फरक होता तो मोठ्या यंत्राच्या दोन वाचनांतही असतोच. हे मुद्दाम सांगतो. यंत्र बरोबर होतं.

मॅडमच्या वहीत चार रकाने होते. तारीख, नमुना, आकडा, शेरा. शेऱ्याचा रकाना मी शिकवतो त्यापेक्षा त्या जास्त मनावर घ्यायच्या. 'वीज दोनदा गेली.' 'स्पिरिटाची नवी बाटली.' 'हात थरथरला, परत मोजलं.' एकदा तर 'आज उपाशी होते, घाई झाली असेल' असंही लिहिलेलं मी वाचलं आणि हसलो. महिन्याच्या शेवटी मी वहीवर सही करायचो. उघड्या उन्हातल्या हळदीचे नमुने आधी मोजायचे, कापडाखालच्या हळदीचे नंतर, हा क्रम मी घालून दिला होता. एकदा त्यांनी विचारलं होतं, "सर, क्रम मधे मधे उलटा करू का?" मी म्हणालो, "कशाला? एक शिस्त राहू द्या." पाठ्यपुस्तकात क्रम बदलत राहा असंच लिहिलंय. मीच ते शिकवतो.

खंडेनवमीला आमच्या कॉलेजात यंत्रांची पूजा असते. प्रयोगशाळेतले सेवक, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, एका हातात ताट आणि दुसऱ्या हातात डेडस्टॉक रजिस्टर घेऊन फिरतात. रजिस्टरातल्या नंबरप्रमाणे पूजा होते, म्हणजे काही राहत नाही. तराजू झाला, ओव्हन झाला. काचेचं कपाट उघडून दिवा गेलेल्या यंत्राला हळदीकुंकू लागलं, झेंडूचा हार पडला. त्याच्या डोक्यावर आधीच्या वर्षांचे डाग होतेच. मामा दाराकडे निघाले.

"मामा, हे राहिलं की," मी आमच्या पाइपाकडे बोट दाखवलं.

"ते रजिस्टरात न्हाई सर."

"नसू द्या. सगळं काम तर तेच करून राहिलं."

"बिल न्हाई, नंबर न्हाई. मंग ते कालेजचं कसं म्हणायचं? उद्या आडिटवाल्यानं इचारलं, बिनबिलाच्या वस्तूला कालेजचं फूल काहून वाहिलं, तर मी काय सांगू?"

तिथले दोघेतिघे हसले. मलाही हसू आलं, पण आतून राग आला. बंद पडलेल्या यंत्राला हार आणि चालणाऱ्याला काही नाही. मी ताट माझ्याकडे घेतलं.

मॅडम खिडकीशी नळ्या धूत होत्या. त्या मागे न वळता म्हणाल्या, "सर, त्याला काही लावू नका ना. फूल ठेवा पाहिजे तर, बाजूला."

त्या बौद्ध घरातल्या. दरवर्षी ह्या पूजेच्या वेळी त्या कुठल्या तरी कामात असायच्या, आणि आम्ही सगळे ते न दिसल्यासारखं करायचो. मला वाटलं, त्या त्यांच्या घरच्या विचाराने बोलताहेत. मी फार समजूतदारपणे, म्हणजे तेव्हा मला तसं वाटलं, म्हणालो, "मॅडम, तुम्ही नका लावू. तुमच्यावर काही बंधन नाही. मी लावतो."

त्या वळल्या. काहीतरी बोलणार होत्या. मग मामांकडे आणि बाकीच्यांकडे बघून परत नळ्या धुवायला लागल्या.

मी ओल्या हळदीत बोट बुडवलं आणि पाइपच्या तोंडाशी, परीक्षानळी आत जाते तिथंच, ठसठशीत बोट ओढलं. त्यावर कुंकू लावलं. मला तेव्हा खरंच भरून आलं होतं. दुसऱ्या दिवशी दसरा, कॉलेज बंद होतं. त्यानंतर मॅडमनी बाहेरचं हळदीकुंकू ओल्या फडक्याने पुसून काढलेलं मी पाहिलं आणि थोडा दुखावलोसुद्धा.

नोव्हेंबरपासून आकडे बदलले. तोपर्यंत दोन्ही हळदी सारख्याच फिक्या होत चालल्या होत्या. आता उघड्या उन्हातली तशीच उतरत राहिली आणि कापडाखालची टिकून राहिली. डिसेंबरमध्ये फरक वाढला. जानेवारीत मॅडमनी आलेख काढून माझ्या टेबलावर ठेवला. दोन रेघा बराच वेळ एकमेकींना धरून चालत होत्या आणि मग त्यांच्यात फट पडली होती. आणि तिथंच उभ्या राहिल्या. विभागात इतक्या वर्षांत एवढं स्वच्छ उत्तर कोणाला मिळालं नव्हतं. पीएच.डी.च्या कामाचं विद्यापीठाच्या समितीसमोर सादरीकरण व्हायचं होतं, त्याची तारीख आलेलीच होती.

सादरीकरणाच्या दोन दिवस आधी मी एकटाच प्रयोगशाळेत होतो. मॅडमचा तास चालू होता. सहज म्हणून मी नुसत्या स्पिरिटाची नळी यंत्रात ठेवली. शून्य. काढली, परत ठेवली. शून्य नव्हतं, बारीकसा आकडा होता. परत ठेवली, आकडा वाढला. माझ्या हातून स्पिरिट नळीच्या बाहेर ओघळलं होतं. मी नळी काढली आणि खिशातल्या पांढऱ्या रुमालाने बाहेरून पुसली.

रुमालावर पिवळी रेघ उठली.

सगळं उलगडायला मिनिटही लागलं नाही. माझं हळदीचं बोट बाहेरून पुसलं गेलं होतं, पण त्यातली हळद आत वायसरवर उतरून वाळली होती. काळ्या रबरावर, काळ्या पाइपमध्ये ती दिसत नव्हती. स्पिरिटाने ओली झालेली प्रत्येक नळी आत जाताना ती थोडी थोडी बाहेरून माखून घ्यायची. वायसर भिजत जायचा, म्हणून सुरुवातीच्या नळ्या कमी माखायच्या, शेवटच्या जास्त. आणि शेवटी नेहमी कापडाखालची हळद असायची, माझ्याच शिस्तीप्रमाणे. मॅडमच्या लक्षात येणार तरी कसं? त्या खोलीत त्यांची बोटं, टेबल, फडकी, सगळं आधीच पिवळं होतं.

त्यांना टिकलेला दिसत होता तो रंग माझ्या बोटाचा होता.

मी वायसर काढला. स्पिरिटाने धुतला. पाइप आतून कापसाने तीनदा पुसला. पुन्हा वायसर बसवून स्पिरिटाची नळी पाच वेळा ठेवली, पाचही वेळा शून्य आलं. रुमाल खिशात घातला. तास संपल्याची घंटा झाली, मॅडम आल्या आणि म्हणाल्या, "सर, सादरीकरणात पहिल्यांदा यंत्र दाखवू का आलेख?" मी म्हणालो, "आलेख."

दोन दिवस होते. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी स्वतःला समजावलं की फरक थोडा तरी खरा असेल. मग समजावलं की आत्ता सांगितलं तर त्यांची हिंमत जाईल, सादरीकरण झाल्यावर सांगू. मला खरं तर मामांचं तोंड दिसत होतं. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने हळद मोजायच्या यंत्राला हळद लावली, हे हिंगोलीपासून वारंग्यापर्यंत चहाच्या टपऱ्यांवर किती दिवस चाललं असतं!

विद्यापीठातल्या समितीत तिघं होते. त्यातल्या वयाने मोठ्या बाई नीट ऐकत होत्या. मॅडम छान बोलल्या. यंत्र कसं बनवलं, कुठल्या आराखड्यावरून, हे सांगताना त्यांचा आवाज जरा चढला. बाईंनी विचारलं, "नमुने आणलेत का?"

"हो. सगळे आणलेत," मॅडम म्हणाल्या.

"मग वरच्या मजल्यावरच्या यंत्रावर लावून घेऊ. जेवणापर्यंत होतील."

त्या क्षणी मी उठून उभा राहायला हवं होतं. मी जेवायला गेलो.

दुपारी बाईंनी कागद पुढे केला. दोन्ही हळदींत फरक नव्हता. दुसरे सदस्य कंपासपेटी उचलून बघत म्हणाले, "अहो, लग्नातल्या माळेचा दिवा लावून संशोधन व्हायला लागलं तर मंडपवाल्यांनाच डॉक्टरेट द्यावी लागेल." खोलीत हशा झाला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला विचारलं, "सर, मार्गदर्शक म्हणून तुम्ही हे तपासलं नव्हतं?"

आणि मी म्हणालो, "मी त्यांना सांगितलं होतं. घरगुती यंत्रावर एवढा विश्वास ठेवू नका म्हणून."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी समोरच्या वहीवर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून बसल्या. पुन्हा सगळी मोजणी करून या, असं समितीने सांगितलं.

परत येताना आम्ही वारंगा फाट्यावर उतरलो. कळमनुरीची गाडी यायला वेळ होता. चहा घेतला. ट्रक जात होते, बोलणं ऐकू येत नव्हतं आणि मला ते बरं वाटत होतं. मग मधेच रस्ता शांत झाला आणि त्यांनी विचारलं, "सर, तुम्ही मला कधी सांगितलं होतं?"

"मॅडम, अशा ठिकाणी काहीतरी बोलावं लागतं."

"ते जाऊ द्या. पण जूनमधे आपलं यंत्र तिथल्या यंत्राशी जुळलं होतं. मग मधे काय झालं?"

उत्तर माझ्याकडे होतं. ते मी स्वतः पुसलं होतं. मी म्हणालो, "दिवा उतरला असेल. माळेतला दिवा तो."

"दिव्याचं बघते मी," त्या म्हणाल्या आणि चहाचा कप ठेवला.

त्यानंतरचे दोन महिने आठवले की मला अजून बसवत नाही. त्यांनी दिवा बदलला. सेन्सर बदलला. फाट्यावरच्या दुकानात जाऊन सगळी जोडणी उकलून परत करून घेतली. दर वेळी मोजायच्या, दर वेळी यंत्र बरोबर निघायचं, आणि आता त्यातही दोन हळदींत फरक येत नव्हता. जो दोष मी धुऊन टाकला होता तो त्या शोधत होत्या. मी शेजारच्या टेबलावर पेपर तपासत बसलेला असायचो. मार्चअखेर वही सहीला आली. शेवटच्या ओळीसमोर शेरा होता, 'यंत्रात दोष सापडला नाही. बहुधा माझ्याच हाताची चूक.'

मी त्याखाली सही केली.

पुढच्या सत्रात त्या आल्या नाहीत. साखऱ्याच्या शाळेत विज्ञान शिकवायची कंत्राटी जागा मिळाली, माहेरी राहून करता येईल, असं कळवलं. यंत्र न्यायला आल्या तेव्हा मामांनी स्वतः ते कागदात गुंडाळून दिलं. "न्या मॅडम. रजिस्टरात न्हाई, गेटपासची तकलीफ न्हाई," म्हणाले.

त्या वर्षीची खंडेनवमी आली. मामा ताट घेऊन फिरले, कपाट उघडलं, हार पडला. जाताना ते आमच्या टेबलापाशी थांबले. यंत्र होतं त्या जागी लाकडावर पाइपाचा गोल डाग राहिला होता.

"हितंच होतं न्हवं ते? गेल्या साली तुमी भांडून हळद लावली व्हती त्याला," ते म्हणाले, आणि गंमत म्हणून त्या डागावर एक फूल ठेवून गेले.

ते फूल मी काढलं नाही. पण त्या दिवशी तासाला मला फळ्यावर कपाटातल्या यंत्राची आकृती पुरी काढता आली नाही. येत्या रविवारी साखऱ्याला जायचं ठरवलं.

मॅडमच्या आई दारातच होत्या. "या सर. रस्त्यानं तकलीफ न्हाई ना झाली? बसा, चहा ठेवते." मॅडम आतून आल्या, मला बघून थोड्या चकित झाल्या. ओसरीतल्या फळीवर यंत्र होतं, वर काळं टोपण. शाळेतल्या मुली हातपंपाच्या पाण्याचा गढूळपणा त्यावर मोजतात, असं त्यांनी सांगितलं. मग मी कशाला आलोय हे विचारायचं टाळून त्या शाळेबद्दल बोलत राहिल्या.

चहा आला. मी कप हातात घेतला आणि सांगितलं. बोट, वायसर, रुमाल, सगळं. समितीसमोर बोललो ते खोटं होतं, हे त्यांना माहीतच होतं, तरी तेही सांगितलं.

त्यांच्या आई एकदा माझ्याकडे, एकदा लेकीकडे बघत होत्या. "काहून गप झाली गं?" त्यांनी विचारलं.

"थांब आई." मग माझ्याकडे बघून, "सादरीकरणाच्या आधी माहीत होतं तुम्हाला?"

"दोन दिवस आधी."

"आणि मी दिवे बदलत होते तेव्हा तुम्ही शेजारी बसलेले."

"हो."

"काय झालं?" आईंनी परत विचारलं.

"काही नाही. यंत्र बरोबर होतं, ते सांगायला आलेत सर."

"मंग वरीस लागलं व्हय तेवढं सांगायला?" आई म्हणाल्या आणि रिकामा कप उचलून आत गेल्या.

मॅडम वही घेऊन आल्या. पानं उलटत खंडेनवमीनंतरच्या पहिल्या मोजणीवर थांबल्या. तारीख, नमुना, आकडा. शेऱ्याचा रकाना कोरा होता. अख्ख्या वहीत तेवढाच कोरा असेल.

"मी लिहायला घेतलं होतं सर. तोंडाशी हळद लागली, पुसून घेतली, असं. पण महिन्याच्या शेवटी वही तुमच्याच सहीला येणार. तुम्हाला वाटलं असतं, मी पूजेवरून लिहिलंय."

"मला तसंच वाटलं असतं," मी म्हणालो. खरं तेच होतं.

"म्हणून सोडलं. ती माझी चूक."

"तुमची नाही मॅडम."

"आहे. ती ओळ असती तर मला दोन महिने शोधावं लागलं नसतं." त्यांनी पेन माझ्यापुढे केला. "लिहा."

मी लिहिलं, 'यंत्राच्या तोंडाशी हळद होती, ती आत वायसरवर राहिली.'

त्यांनी वाचलं. "कोणी लावली ते राहिलं."

मी ते लिहिलं. मग त्यांनी जानेवारीचं पान काढलं, तिथं मी वायसर कधी धुतला ते लिहिलं. समितीसमोर काय बोललो ते लिहिलं. रकाना अरुंद, मजकूर समासात गेला, समासातून खाली वळला. आजची तारीख घालून प्रत्येक ठिकाणी सही केली. शेवटी त्यांनी मार्चचं पान स्वतःकडे घेतलं. 'बहुधा माझ्याच हाताची चूक' ह्या शब्दांवरून पट्टी धरून एकच रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि बाजूला तारीख घातली. प्रयोगवहीत खोडायचं ते असंच, हे मी त्यांना पहिल्या वर्षी शिकवलं होतं.

"ह्या पानांची झेरॉक्स मी विद्यापीठात देणार आहे," त्या म्हणाल्या. "आणि दुसरे मार्गदर्शक मागणार आहे. आणि तो आराखडा जिथं आहे तिथंही लिहीन, तोंडाशी काही लावू नका म्हणून. चालेल?"

तीनही गोष्टींना मी चालेल म्हणालो. माझी मार्गदर्शकाची मान्यता त्यातून जाईल, हे दोघांनाही कळत होतं.

निघताना मी फळीपाशी उभा राहिलो. यंत्र एकदा चालू करून बघावंसं वाटलं. हात पुढे केला तर मॅडम म्हणाल्या, "सर, आधी हात धुवा." आईंनी तांब्याने पाणी घातलं. मी साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, कोरडे केले. मॅडमनी साध्या स्पिरिटाची नळी माझ्या हातात दिली, मी ती सोडली. शून्य आलं. काढून परत सोडली. शून्य. त्या वहीत लिहीत होत्या. शेऱ्यात काय लिहिलं ते मी वाकून पाहिलं नाही.

झेरॉक्स विद्यापीठात पोचल्याचं मॅडमनी कळवलं, त्यालाही आता बरेच दिवस झाले. विद्यापीठाचं पत्र आलं का म्हणून मी रोज टपाल विचारतो.

"काही खास येणार हाय काय सर?" परवा मामा म्हणाले. "रोजच इचारून राहिले."

"व्हय मामा," मी म्हणालो. "आलं की तुमच्या रजिस्टरातच चढवा."

"कागदाला डेडस्टॉकात नंबर नसतो सर," मामा म्हणाले आणि कपाट पुसायला लागले.